आठवण आजीची, तारीख तलाठ्याची

घराण्याचा शोध घ्यायचा म्हणतेस, ऐकून फार बरं वाटलं गं. "आत्या, कुठल्या साइटवर मिळेल?" हा तुझा पहिलाच प्रश्न तुझ्या पिढीला शोभणारा. साइट आहेत, पुढे सांगते. पण आधी घरातलं कपाट, मग कचेरी आणि मग संगणक, हा क्रम धर.

आणखी एक. आपल्याकडच्या वंशावळी मुलाखाली मुलगा अशा उतरत जातात. त्यात पोरी नसतात, सुना नसतात, आणि असल्या तर "पत्नी" एवढ्याच. तू निघालीच आहेस तर या बायका शोधायला निघ. एकेका बाईमागे एक माहेर असतं, त्या माहेरी एक पेटी असते, आणि आपल्या घरात हरवलेले कागद पुष्कळदा तिथेच सापडतात.

१. कागदांच्या आधी माणसं गाठ, आणि सगळ्यात म्हाताऱ्या माणसापासून सुरुवात कर – कागद पुढच्या वर्षीही तिथेच असतील.

२. "आपल्या घराण्याचा इतिहास सांगा" असं विचारू नकोस. "तुमच्या लग्नात वऱ्हाड कुठून आलं, कशानं आलं, उतरलं कुणाकडे" असं विचार – मोठ्या प्रश्नापुढे माणसं गप्प होतात, पंगतीचा विषय काढला की गावं, नाती आणि मानपानाचे रुसवे सगळं ओळीनं बाहेर येतं.

३. प्रत्येक बाईचं माहेरचं पूर्ण नाव त्याच बैठकीत लिहून घे – लग्नात आडनाव तर बदलायचंच, पुष्कळ घरांत पहिलं नावही बदलायचं. माहेरचं नाव गेलं की कागदावर त्या बाईच्या दोन बायका होतात.

४. सांगणाऱ्याचे सन मोडू नकोस, तसेच लिही – "प्लेगात गेली" म्हणजे १८९६-९७ आणि त्यापुढची काही वर्षं, "पानशेत फुटलं तेव्हा" म्हणजे १२ जुलै १९६१, "कोयनेच्या भूकंपाच्या आधी" म्हणजे ११ डिसेंबर १९६७ च्या आधी. त्यांची दिनदर्शिका अशीच असते आणि ती बरीच खरी निघते.

५. आठवण आजीची, तारीख तलाठ्याची. दोन्ही शेजारी शेजारी लिहून ठेव – जुळली नाहीत तरी लगेच कुणाला खोटं पाडू नकोस, तिसरा कागद पुढे येईपर्यंत थांब.

६. लग्नपत्रिका फेकू देऊ नकोस, मजकुराच्या तळाशी बारीक अक्षरात छापलेली नावं आधी वाच – विनीत, व्यवस्थापक, आप्तेष्ट या यादीत मामा, मावसे, साडू सगळे गावासकट उभे असतात, आणि "अमुक यांची ज्येष्ठ कन्या" एवढ्या शब्दांत बहिणींचा क्रमही कळतो.

७. जुन्या कालनिर्णयची पानं उलटून बघ – १९७३ पासून हे कॅलेंडर घराघरात आहे, आणि दुधाच्या हिशेबाच्या शेजारीच बाळंतपणं, बारशी आणि मयती टिपलेल्या असतात.

८. ज्यांची श्राद्धं घरात होतात त्यांच्या तिथ्या गुरुजींना नाही, घरातल्या सुनेला विचार – स्वयंपाक तिनं केलेला असतो, तिथी तिला पाठ असते. तिथीला वर्ष नसतं हे मात्र लक्षात ठेव. वर्ष दुसरीकडून आणायचं आणि जुन्या पंचांगात दोन्ही ताडून बघायचं.

आता वर्तमानपत्रांकडे वळू. मराठीत 'दर्पण' निघालं ६ जानेवारी १८३२ ला, 'ज्ञानप्रकाश' १८४९ ला, 'केसरी' ४ जानेवारी १८८१ ला, 'सकाळ' १ जानेवारी १९३२ ला. पण आपला माणूस कुठल्या पत्रात सापडेल, हे तो काय करत होता आणि कुणात वावरत होता यावर ठरतं. नगर भागातल्या ख्रिस्ती घरातली बातमी १८४२ पासूनच्या 'ज्ञानोदय'मध्ये शोध. सत्यशोधक चळवळीतल्या माणसासाठी 'दीनबंधु' आणि 'दीनमित्र' चाळ. आजोबा बाबासाहेबांच्या चळवळीत होते असं घरात सांगतात ना, मग १९२० चा 'मूकनायक' आणि १९२७ चा 'बहिष्कृत भारत' यांतल्या सभा आणि मदतीच्या बातम्या वाच. नाव सापडेलच असं नाही, पण गाव सापडलं तरी पुष्कळ.

९. कात्री हातात घेण्याआधी अख्ख्या पानाचा फोटो काढ, वरचं पत्राचं नाव आणि तारीख दिसेल असा – घाई केली कात्रीनं, तारीख नेली रद्दीनं. निधनाच्या बातमीत "मंगळवारी रात्री" किंवा "काल" एवढंच छापलेलं असतं. पानाची तारीख नसेल तर तो मंगळवार कुठल्या महिन्यातला, कुठल्या वर्षातला, काही कळत नाही.

१०. कात्रणाबरोबर एक चिठ्ठी ठेव: पत्राचं नाव, आवृत्ती, तारीख, पान, आणि ते कुणाकडून मिळालं – आवृत्तीही लिहीच, कारण स्थानिक बातमी एका आवृत्तीत असते आणि दुसरीत नसते.

११. तारखेविना मिळालेलं कात्रण उलटं करून वाच – मागे सिनेमाची जाहिरात, बाजारभाव, क्रिकेटचा स्कोअर असं काहीतरी असतंच, त्यावरून महिना-वर्ष बांधता येतं.

१२. सेलोटेप, डिंक, स्टेपल आणि लॅमिनेशन, या चौघांना कात्रणाजवळ येऊ देऊ नकोस – वर्तमानपत्राचा कागद लाकडाच्या लगद्याचा, उजेडानं आणि हवेनं आपणहून पिवळा पडून तुटतो; त्यात टेपचा चिकटा शाईत उतरला की अक्षरंही जातात, आणि एकदा केलेलं लॅमिनेशन निघत नाही.

१३. घड्या उलगडून सपाट ठेव, मध्ये कोरा पांढरा कागद घाल, आणि कोकणात असशील तर पावसाळ्यात लोखंडी कपाट भिंतीला टेकवू नकोस – घडीवरच कागद पहिल्यांदा तुटतो आणि भिंतीची ओल कपाटात उतरते.

१४. निधनाची बातमी वाचताना हातात पेन्सिल घे. "त्यांच्या पश्चात दोन मुलगे, सुना, तीन विवाहित मुली, जावई, नातवंडे असा परिवार आहे" या ओळीतली माणसं एकेक करून मोज – आपल्या यादीत दोनच मुली असतील तर तिसरी शोधायची राहिली आहे. बाईच्या बातमीत तर शेवटी "अमुक यांच्या त्या मातोश्री होत" किंवा "तमुक यांच्या भगिनी होत" असं एक वाक्य असतं. जिची भगिनी म्हटलंय तो भाऊ म्हणजे माहेरचा दरवाजा, तो ठोठाव.

१५. दशक्रियेची सूचना मिळाली तर बहुतेक घरांच्या रिवाजाप्रमाणे नऊ दिवस मागे मोज – मृत्यूचा दिवस पहिला धरतात. हा नुसता अंदाज, तारीख म्हणून लिहू नकोस.

१६. शेवटच्या पानांवरच्या जाहीर नोटिसा कुणी वाचत नाही, तू वाच.

या नोटिशीवर जरा थांबते, कारण इतकी माहिती एका चौकटीत दुसरीकडे क्वचितच मिळते. जमीन विकत घेण्याआधी घेणाऱ्याचा वकील "तमाम लोकांस कळविण्यात येते की" असं म्हणून ती छापतो. त्यात मौजे, तालुका, सर्व्हे नंबर, हिस्सा नंबर, क्षेत्र आणि आकार असतो. मालकाचं पूर्ण नाव असतं. पुष्कळदा ही जमीन त्याला कुणाकडून आली तेही असतं. आणि मग चतुःसीमा: पूर्वेला अमुकची जमीन, पश्चिमेला ओढा, दक्षिणेला गाडरस्ता, उत्तरेला तमुकची जमीन. शेजारच्या जमिनीवर आपलंच आडनाव दिसलं तर तो बहुधा भाऊबंद, कारण वाटण्या होताना एकच रान भावांत तुटतं. शेजाऱ्याची सीमा सांगे भावाचा पत्ता. असा सर्व्हे नंबर हाती आला की थेट तलाठ्याकडे जायचं.

१७. नाव किंवा आडनाव मध्येच बदललेलं दिसलं तर सरकारी राजपत्र बघ – नावबदलाच्या सूचना तिथे छापतात, जुनं आणि नवं नाव एकाच ओळीत.

१८. जुना मजकूर शोधताना जुनं शुद्धलेखन धर: नांव, गांव, कोंकण, पांच – १९६२ च्या नियमांआधी हे अनुस्वार सर्रास असत. इंग्रजी कागदांत पूना, शोलापूर, थाना असंही शोध.

१९. जुन्या अंकांसाठी जुनी ग्रंथालयं गाठ – ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं, मुंबईचं १८९८ चं, पुण्याचं नगर वाचन मंदिर १८४८ चं, कोल्हापूरचं करवीर नगर वाचन मंदिर १८५० चं. जाताना वर्ष आणि शक्य तर महिना ठरवून जा. "आमच्या आजोबांचं काही आहे का" असं विचारलंस तर बिचारा ग्रंथपाल कुठला गठ्ठा काढणार?

आता कचेरी. इथे चिकाटी लागते आणि गोड बोलणं लागतं. दोन्ही तुझ्याकडे आहेत. पहिलं थोडं वाढव.

२०. सातबारा बघून परत येऊ नकोस, त्यावरचे फेरफार मागून घे – सातबारा आज जमीन कुणाची ते सांगतो, ती त्याच्याकडे कशी आली ते फेरफार सांगतो. हाताने लिहिलेल्या जुन्या सातबाऱ्यावर नावांजवळ गोल करून आकडे असतात ना, तेच फेरफाराचे क्रमांक. सगळे उतरवून घे.

२१. वारसाचा फेरफार सापडला की बाकी सगळं बाजूला ठेवून तोच वाच. खातेदार कधी मयत झाला, मागे पत्नी कोण, मुलगे कोण, सगळं त्यात असतं – आणि १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानं मुली वारस झाल्यामुळे त्यानंतरच्या नोंदींत मुलींचीही नावं येतात, पुष्कळदा सासरच्या आडनावानं.

२२. त्याच्यानंतरचा हक्कसोडीचा फेरफारही घे, मन घट्ट करून – बहिणींनी भावांसाठी हक्क सोडला की त्यांची नावं सातबाऱ्यावरून गेली. कितीतरी आत्यांची नावं सरकारी कागदावर या दोन नोंदींच्या मधेच काय ती राहिली आहेत. ती तू तुझ्या वहीत पहिल्या पानावर लिही.

२३. जुन्या नोंदींची भाषा आधी शिकून जा: "बिन" आणि "वलद" म्हणजे अमक्याचा मुलगा, "कोम" आणि "जौजे" म्हणजे अमक्याची बायको, "ए.कु.मॅ." म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर, "अ.पा.क." म्हणजे अज्ञानाचा पालनकर्ता – हे माहीत नसलं की "सखू कोम बाळा" ही बाळाची मुलगी धरली जाते आणि अख्खी पिढी सरकते.

२४. आजोबांचं नाव नातवाला ठेवायची आपली रीत विसरू नकोस – रामचंद्र गोविंद, त्याचा गोविंद रामचंद्र, त्याचा पुन्हा रामचंद्र गोविंद. प्रत्येकाच्या नावापुढे साल लिहिल्याशिवाय पुढे सरकू नकोस.

२५. गट नंबरवर अडलीस तर एकत्रीकरणाचा उतारा माग – १९४७ च्या कायद्यानं तुकडे जोडताना गावोगावी सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. जुना आणि नवा नंबर जोडणारा कागद भूमि अभिलेखच्या कार्यालयात असतो. बऱ्याच तालुक्यांचे जुने उतारे आता 'आपले अभिलेख' या सरकारी संकेतस्थळावरही आहेत. ही घे तुझी साइट!

२६. तहसील कचेरीत गाव नमुना १४ म्हणजे जन्ममृत्यूची जुनी नोंदवही माग. लोक तिला कोतवाल बुक म्हणतात – गावात जन्मलं कोण, गेलं कोण, हे कोतवालाच्या सांगण्यावरून लिहिलं जाई, म्हणून शाळेचं तोंड न पाहिलेली माणसंही तिथे आहेत.

२७. शाळेच्या जनरल रजिस्टरमधली १ जून ही जन्मतारीख खरी मानू नकोस – जन्मतारीख ठाऊक नसली की नाव घालताना गुरुजी वयाच्या अंदाजानं तीच लिहीत. महाराष्ट्रातल्या कितीतरी आजोबांचा वाढदिवस त्यामुळे एकाच दिवशी येतो. पण त्याच ओळीतलं मूळ गाव आणि आधीची शाळा बघ, ती माहिती सोन्याची.

२८. शके आणि फसली घाबरून सोडू नकोस: शकात ७८ मिळव, पण जानेवारीपासून गुढीपाडव्यापर्यंतचा दिवस असेल तर ७९, दख्खनच्या फसलीत ५९०, आणि जानेवारीपासून फसली वर्ष संपेपर्यंतचा दिवस असेल तर ५९१ – शके १८१८ चा माघ म्हणजे १८९७, १८९६ नव्हे. इंदूर-ग्वाल्हेरकडच्या कागदात वद्य पक्षाला पुढच्या महिन्याचं नाव असतं, तेवढं बघ.

२९. जिल्ह्याचं आजचं नाव घेऊन जुन्या दप्तरात शोधू नकोस – सिंधुदुर्ग १९८१ पर्यंत रत्नागिरीत होतं, रायगडला तेव्हा कुलाबा म्हणत, लातूर १९८२ पर्यंत उस्मानाबादेत, पालघर २०१४ पर्यंत ठाण्यात. कोल्हापूर, सांगली, औंध, जत ही तर संस्थानं, त्यांची दप्तरं वेगळी.

३०. मराठवाड्यातल्या शाखेचा शोध घेताना उर्दू वाचणारा गाठ आणि १९५४-५५ चं खासरा पत्रक माग; पूर्व विदर्भात त्याच वर्षांची अधिकार अभिलेख पंजी माग – निजामाचं दप्तर उर्दूत होतं, आणि मुंबई इलाख्याचे नमुने तिकडे चालत नव्हते.

३१. मोडी शीक. खरंच शीक – विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत गावातला हातानं लिहिलेला कागद बहुतेक मोडीत आहे, आणि दुसऱ्याकडून वाचून घेतलेल्या कागदात तुला हवं ते नाव वाचणाऱ्याच्या नजरेतून सुटतं, कारण ते त्याच्या घरातलं नसतं. राज्याचं पुराभिलेख खातं वर्ग घेतं. पुण्यातल्या भारत इतिहास संशोधक मंडळात, जे इतिहासकार वि. का. राजवाड्यांनी १९१० मध्ये उभं केलं, जाऊन बसलीस तरी डोळा तयार होईल.

३२. नाशिकला किंवा त्र्यंबकला जाशील तेव्हा आपल्या गावाचे तीर्थोपाध्ये कोण ते विचारून त्यांच्या वहीत बघ. कोल्हापूर-सांगली-सोलापूरकडच्या शाखेला हेळवी येतात का विचार – दोघंही वंशावळ सांभाळतात. नाशिकच्या वहीत तर पणजोबांची सही बघायला मिळते. दक्षिणा मोकळ्या हातानं दे, पिढ्यान्‌पिढ्या जपलेलं आहे ते.

३३. कुणी गिरणीत होते असं कळलं तर तिकीट नंबर आणि फंडाचे कागद विचार. कुणी मॉरिशसला गेले असं कळलं तर तिथल्या मोक्याच्या महात्मा गांधी संस्थेत गिरमिटियांची, म्हणजे करारावर नेलेल्या मजुरांची, दप्तरं आहेत – गरिबाचा पणजोबा सातबाऱ्यावर नसतो, हजेरीपटावर आणि जहाजाच्या यादीत असतो.

३४. पाटील, कुलकर्णी, देशमुख या आडनावांशी थांबू नकोस – ती वतनाची, मूळ आडनाव त्यांच्या खाली असतं आणि कुलदैवत विचारलं की बहुधा वर येतं.

३५. जुन्या कागदात जातीचा उल्लेख आज वाचवणार नाही अशा शब्दांत असेल. नक्कल करताना एक अक्षरही बदलू नकोस, गाळू नकोस – आपल्या माणसाला काय सोसावं लागलं याचा तोच पुरावा आहे. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर ज्या घरांच्या नोंदी बदलल्या, तिथे दोन्ही नोंदी ठेव.

३६. एका नोंदीची गोष्ट, दोन नोंदींची साक्ष. दुसरा पुरावा मिळेपर्यंत नाव पेन्सिलीनंच लिही – छापलेली वंशावळ चुकली की पुढचे शंभर जण ती चूक उतरवून घेतात.

३७. जिथे शोधलं आणि मिळालं नाही तेही तारखेसह लिही – नाहीतर तुझ्यानंतर येणारा पुन्हा तेच गठ्ठे उपसेल.

३८. दत्तक, दुसरं लग्न, घर सोडून गेलेली मुलगी असं काही हाती लागलं तर आधी त्या शाखेतल्या थोरांशी बोल. जिवंत माणसांची माहिती नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकू नकोस – तुझ्यासाठी ती नोंद आहे, कुणासाठी ती आई आहे.

३९. कचेरीतल्या कारकुनाला काम झालं तरी नाही झालं तरी नीट धन्यवाद दे, आणि अर्जाची पोच घ्यायला विसरू नकोस – पुढच्या खेपेला तोच माणूस रेकॉर्ड रूमची किल्ली घेऊन तुझ्यासोबत येईल.

१ मे २०२४ पासून जन्मलेल्या बाळांच्या सरकारी कागदांवर त्यांच्या नावापुढे आईचं नाव लागतं, मग वडिलांचं. त्या बाळांच्या आया कुणाला शोधाव्या लागणार नाहीत. त्याआधीच्या सगळ्या बायकांचं काम मात्र आपल्याकडेच आहे. म्हणून तलाठ्याचा पत्ता नंतर काढ. या रविवारी तुझ्या आईकडच्या आजीला फोन कर, आणि तिच्या आईचं माहेरचं पूर्ण नाव नि गाव लिहून घे. मलाही कळव, माझ्या वहीतही ते नाही.